गुण जोडीने का येतात? सिसिलीच्या एका रानवेलीने दिलेलं उत्तर

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिल्लीत भाताचे दोन नवे वाण जाहीर केले. एक 'कमला', म्हणजे डीआरआर धान १००, आणि दुसरा 'पुसा डीएसटी राइस १'. दोन्ही जनुक-संपादनाने, म्हणजे झाडाच्या स्वतःच्याच जनुकात ठरावीक जागी बदल करून, तयार झालेले. त्या दिवसापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो: संकरित बियाणं आपण कित्येक वर्षं पेरतोय, मग यात नवीन ते काय? चांगल्या वाणात हवा तो गुण संकर करून आणता येत नव्हता का?

येतो. पण तो एकटा येत नाही. शेजारपाजारचे हवे-नको ते गुण सोबत घेऊन येतो आणि त्यांना मागे परतवताना पैदासकाराची वर्षं जातात. असं का होतं, याचा पहिला धागा सापडला तो भूमध्य समुद्राकाठच्या एका रानटी वेलीच्या वंशजांत. ती वेल समजली की भाताची बातमी बरीच सोपी होते, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

समुद्राकाठची एका वर्षाची वेल

पुण्या-नाशिककडच्या बागांमध्ये थंडीत कुंपणाला स्वीट पी चढवलेली अनेकांनी पाहिली असेल. गुलाबी, पांढरी, जांभळी, नाजूक फुलं. शास्त्रीय नाव लॅथिरस ओडोरॅटस. हिचं मूळ रानटी रूप सिसिली बेटावर आणि इटलीच्या दक्षिण टोकाला उगवतं. वाटाण्याच्या नात्यातली, शेंगा धरणारी, आणि आयुष्य एकाच वर्षाचं. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. त्या ओलीवर बी रुजतं, वसंतात वेल फुलते, आणि उन्हाळा तापायच्या आत शेंगा तडकवून, बी टाकून वाळून जाते. पुढच्या पावसापर्यंत जमिनीत राहतं ते फक्त टणक सालीचं बी.

रानातली वेल बागेतल्यापेक्षा साधी असते. खोडाला दोन्ही बाजूंनी पातळ पात्यासारखी झालर, पानाला दोनच पर्णिका आणि पुढे आधार शोधणारे ताणे. एका देठावर दोन-तीन फुलं. मागची उभी पाकळी किरमिजी-जांभळी, पुढच्या दोन निळसर जांभळ्या. आकार लहान, पण वास असा की दोन-तीन फुलांनी खोली भरून जावी.

फ्रान्सेस्को कुपानी या सिसिलीतल्या फ्रान्सिस्कन साधूने १६९६ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात हिची नोंद केली. १६९९ मध्ये त्याने इंग्लंडमधल्या एनफील्ड गावी रॉबर्ट यूव्हडेल या शाळामास्तरांना बिया पाठवल्या. पुढे एक गोंधळही झाला. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये हिचे दोन प्रकार मांडले, एक सिसिलीचा आणि एक सिलोनचा. श्रीलंकेत ही वेल रानटी अवस्थेत कधीच मिळाली नाही, तरी 'मूळची सिलोनची' हे बराच काळ लिहिलं जात राहिलं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हेन्री एकफर्ड या माळ्याने इंग्लंडमधल्या वेम गावात संकर करकरून मोठ्या फुलांच्या आणि नाना रंगांच्या जाती काढल्या. वेड इतकं पसरलं की १९११ मध्ये लंडनच्या एका वर्तमानपत्राने स्वीट पीच्या सर्वोत्तम गुच्छाला एक हजार पौंडांचं बक्षीस लावलं. या वेडामुळे शास्त्रज्ञांचा मोठा फायदा झाला: फुलाच्या रंगाच्या आणि आकाराच्या डझनावारी शुद्ध जाती त्यांना आयत्या मिळाल्या.

प्रयोगाला हीच वेल का?

उत्तर कळीत आहे. वाटाण्याच्या फुलासारखंच हे फूल: मागे एक उभी पाकळी, बाजूला दोन पंख, आणि मध्ये दोन पाकळ्या जुळून झालेली होडी. पुंकेसर आणि स्त्रीकेसर त्या होडीत बंद असतात. कळी उमलायच्या आधीच आतल्या आत पराग सांडतो आणि परागण उरकतं. बाहेरचा पराग शिरायला जवळजवळ वावच नाही. म्हणून एखाद्या जातीचं बी पेरलं की पुढची पिढी तशीच निघते. 'खाण तशी माती' हे इथे अक्षरशः खरं आहे.

संकर करायचा तर कळी कोवळी असतानाच हात घालावा लागतो. होडीच्या पाकळ्या बारीक चिमट्याने उघडायच्या, आतले दहाच्या दहा पुंकेसर पराग पिकण्याआधी काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचा पराग आणून स्त्रीकेसराच्या टोकाला लावायचा आणि कळी झाकायची. एक पुंकेसर राहिला तरी सगळी मेहनत वाया. हे शेकडो कळ्यांवर करायचं आणि मग हजारो रोपं मोजायची. विल्यम बेटसन, एडिथ सॉन्डर्स आणि रेजिनाल्ड पनेट या तिघांनी केंब्रिजच्या परिसरात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे काम केलं. मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध १८६६ चा, पण जगाने त्याची दखल घेतली १९०० मध्ये. गुण पुढच्या पिढ्यांत ठरावीक प्रमाणात उतरतात, हा त्याचा नियम इतरत्रही लागू पडतो का, हे तपासायची तेव्हा घाई होती.

दोन पांढऱ्यांच्या पोटी जांभळं

पहिलाच धक्का रंगाने दिला. 'एमिली हेंडरसन' नावाची शुभ्र पांढरी जात होती. तिच्या दोन शुद्ध वाणांचा संकर केला. दोघांची फुलं पांढरी, पण पुढची पिढी निघाली चक्क जांभळी, सिसिलीच्या रानात असते तशी.

जुन्या समजुतीने याला 'पूर्वज परत आले' म्हटलं असतं. बेटसन आणि मंडळींनी हिशेब मांडला. इथे एक शब्द समजून घेऊ. जनुक म्हणजे एखाद्या गुणाची सूचना, जी आईकडून एक आणि बापाकडून एक अशी जोडीने मिळते. जांभळा रंग तयार व्हायला दोन वेगवेगळ्या जनुकांचं काम लागतं. एका पांढऱ्या वाणात पहिलं जनुक बिघडलेलं, दुसऱ्यात दुसरं. दोघंही पांढरे, पण वेगवेगळ्या कारणांनी. संकरात पहिल्याने दुसऱ्याची उणीव भरून काढली आणि रंग परत आला. त्यांच्या पुढच्या पिढीत रंगीत आणि पांढरी झाडं ९ ला ७ या प्रमाणात निघाली, आणि ते मेंडेलच्या गणितात चपखल बसलं.

मला या प्रयोगाचं मोल फार वाटतं. गुण दिसत नाही म्हणजे तो नष्ट झाला असं नसतं, ही गोष्ट त्याने मोजून दाखवली.

मग हिशेब बिघडला

रंगासोबत ते परागकणांचा आकारही नोंदवत होते. सूक्ष्मदर्शकाखाली काही झाडांचे कण लांबट दिसतात, काहींचे गोल. जांभळ्या फुलांची, लांब परागाची शुद्ध जात आणि लाल फुलांची, गोल परागाची शुद्ध जात यांचा संकर केला. पहिली पिढी सगळी जांभळी आणि लांब. दुसऱ्या पिढीत मेंडेलच्या नियमाने दर १६ झाडांमागे ९ जांभळी-लांब, ३ जांभळी-गोल, ३ लाल-लांब आणि १ लाल-गोल यायला हवं होतं. कारण रंग आणि पराग हे एकमेकांशी संबंध नसलेले गुण; प्रत्येकाचा कौल वेगळा पडणार.

एकूण ६,९५२ झाडं मोजली. नियमाने जांभळी-लांब साधारण ३,९१० हवी होती, निघाली ४,८३१. लाल-गोल साधारण ४३५ हवी होती, निघाली १,३३८. आणि मिसळलेले प्रकार, जे प्रत्येकी १,३०० च्या वर असायला हवे होते, ते फक्त ३९० आणि ३९३.

हे आकडे जरा थांबून पाहा. आजी-आजोबांकडून जी जोडी आली ती नातवंडांत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेळा टिकली. पण नेहमीच टिकली असंही नाही, सातशे ऐंशीच्या वर झाडांत ती तुटलेली दिसते. आणखी पुढे, जोड्या उलट करून, म्हणजे जांभळी-गोल आणि लाल-लांब अशा संकरातून सुरुवात केली, तर तेव्हा त्याच जोड्या टिकू पाहत होत्या. म्हणजे जांभळ्याला लांब परागाची ओढ आहे, असं काही नाही. सुरुवातीला जे दोघं एकत्र होते ते एकत्र राहतात, एवढंच.

बेटसन आणि पनेट यांनी ही गोष्ट पाहिली, मोजली, छापली. कारण मात्र त्यांना सापडलं नाही. पेशी वेगवेगळ्या वेगाने दुणावत असतील, असा त्यांचा तर्क होता आणि तो चुकला.

डबे एकाच गाडीचे असतात तेव्हा

कारण सापडलं न्यूयॉर्कमध्ये, टी. एच. मॉर्गन यांना, १९११ मध्ये, फळमाशीवर काम करताना. जनुकं पेशीत सुटी फिरत नाहीत. ती गुणसूत्र नावाच्या लांबट धाग्यांवर ओळीने बसलेली असतात. स्वीट पीत अशा धाग्यांच्या सात जोड्या आहेत. जनुकं हजारो, धागे सात. तेव्हा एकेका धाग्यावर पुष्कळ जनुकं बसणार हे आलंच, आणि एका धाग्यावरची एकत्र प्रवास करणार.

मग ७८३ झाडांत जोडी तुटली कशी? मनमाडसारख्या जंक्शनवर शेजारच्या रुळांवर उभ्या असलेल्या दोन गाड्या डोळ्यांपुढे आणा. एकीचे वीसच्या वीस डबे निळे, दुसरीचे लाल. दोन्ही गाड्या एकाच जागी तोडायच्या, मागचे भाग अदलाबदल करून जोडायचे आणि सोडून द्यायच्या. आता प्रत्येक गाडीत काही डबे निळे, काही लाल. तिसरा आणि चौथा डबा वेगळे व्हायचे तर तोड नेमकी त्या दोघांच्या मध्येच पडायला हवी, आणि असं क्वचित होईल. तिसरा आणि अठरावा डबा मात्र बहुतेक वेळा वेगळे होतील, कारण मध्ये तोडायला पंधरा जागा आहेत. परागकण आणि बीजांडं तयार होताना आईकडचा आणि बापाकडचा धागा जवळ येऊन असेच तुकडे बदलतात. एका धाग्यावरच्या जनुकांच्या सोबतीला सहलग्नता म्हणतात: जितकी जवळीक, तितकी सोबत पक्की.

स्वीट पीच्या त्या आकड्यांवरून गणित केलं तर रंगाचं आणि परागाचं जनुक शंभरातल्या साधारण बारा वेळा वेगळं होतं. मॉर्गन यांच्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या विद्यार्थ्याने अशा टक्केवारीलाच अंतर मानायचं ठरवलं आणि १९१३ मध्ये जनुकांचा जगातला पहिला नकाशा काढला. बेटसन यांचा गुणसूत्रांवर बरीच वर्षं विश्वास नव्हता. १९२१ च्या अखेरीस ते स्वतः मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत गेले, पुरावा पाहिला आणि जाहीरपणे आपलं मत बदललं. एवढ्या मोठ्या माणसाने ते केलं, याचा आदर वाटतो.

याचा भाताशी काय संबंध?

ओडिशात एफआर १३ए नावाचा भाताचा एक जुना स्थानिक वाण आहे. पुराच्या पाण्याखाली दोन आठवडे पूर्ण बुडूनही तो जगतो. दाणा मात्र कमी भरतो आणि झाड उंच वाढून लोळतं. त्याच्याशी साधा संकर करून पूर सोसणारे वाण पूर्वीही काढले गेले, पण शेतकऱ्यांनी ते फारसे उचलले नाहीत. पाण्यात तगण्याच्या गुणाबरोबर नको ते गुणही येत होते.

यावरचा जुना उपाय म्हणजे आपल्या चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर. दर पिढीत परक्या वाणाचा वाटा साधारण निम्मा होतो. पण हव्या जनुकाला चिकटून बसलेला तुकडा सहज सुटत नाही, कारण तोड अगदी जवळ पडायला हवी आणि ती क्वचितच पडते.

इथे खुणा कामाला येतात. १९९६ मध्ये या वाणातला तगून राहण्याचा गुण भाताच्या नवव्या गुणसूत्रावर आहे हे कळलं. मग त्या जनुकाच्या डाव्या-उजव्या बाजूच्या डीएनएतल्या ओळखखुणा पकडल्या, आणि हजारो रोपांतून ज्यांच्यात तोड अगदी लगत पडली आहे तेवढीच निवडली. पानाचा लहानसा तुकडा तपासून हे कळतं. पुराची वाट बघावी लागत नाही. आंध्रातल्या लोकप्रिय स्वर्णा भातात अशा रीतीने तो एवढाच तुकडा बसवला आणि २००९ मध्ये 'स्वर्णा-सब१' भारतात प्रसारित झाला. बाजरीत हे त्याआधीच घडलं होतं: केवडा रोगाला तोंड देणारा 'एचएचबी ६७ सुधारित' २००५ मध्ये आला.

तरीही शेजारी पूर्ण सुटत नाहीत. स्वर्णाच्या दाण्याचं टरफल सोनेरी असतं, स्वर्णा-सब१ चं फिकट, पेंढ्याच्या रंगाचं. टरफलाचा सोनेरी रंग दाबणारं जनुक पूर सोसणाऱ्या जनुकाच्या अगदी लगत आहे, ते सोबत आलं. सुदैवाने त्याने भाताचं काही बिघडत नाही. उलट दोन्ही बियाणी डोळ्यांनी वेगळी ओळखता येतात.

मग जनुक-संपादनाने नेमकं काय बदललं?

संपादनात दुसऱ्या झाडाकडून तुकडा आणायचाच नसतो. सांबा महसुरी या भातात एका जनुकाच्या ठरावीक जागी बदल केला आणि ओंबीला जास्त दाणे धरणारा 'कमला' मिळाला. शेजाऱ्यांना हात लागला नाही, कारण डबे जोडले-तोडलेच नाहीत. 'पुसा डीएसटी' हा एमटीयू १०१० या वाणात असाच बदल करून क्षार आणि कोरडेपणा सोसण्यासाठी काढलेला. परकं जनुक अंतिम वाणात राहत नसेल तर अशा पिकांना जीएम, म्हणजे परकं जनुक घातलेल्या, पिकांच्या कडक नियमांतून भारताने २०२२ मध्ये सूट दिली.

पण एक बारीक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. संपादन करणारं साधन झाडात पोचवताना त्याची जनुकं बहुधा तात्पुरती त्याच झाडात घातली जातात. काम झाल्यावर ती काढायची कशी? पुढची पिढी पेरून. बदल आहे, पण साधन नाही, अशी रोपं निवडून. साधन दुसऱ्या गुणसूत्रावर बसलं असेल तर अशी रोपं सहज मिळतात. बदलाच्या शेजारीच बसलं असेल तर पुन्हा तीच अडचण, जी स्वीट पीत मोजली गेली.

'चुकून भलत्याच जागी बदल झाला तर?' ही शंका रास्त आहे. डीएनएत मिळतेजुळते भाग असतात, तिथेही साधन काम करू शकतं. त्यासाठी वाणाचा पूर्ण डीएनए वाचून तपासावा लागतो. चाचण्यांची आकडेवारी खुली असावी, पेटंटचा बोजा शेतकऱ्यावर पडू नये, या मागण्याही मला योग्य वाटतात. तंत्र नेमकं आहे म्हणून त्याची तपासणी ढिली करायचं कारण नाही.

बागेतल्या फुलांचा वास याच कारणाने गेला का?

अनेक मोठ्या, झालरदार स्वीट पींना रानातल्या वेलीइतका वास नसतो. त्याचं खापर सहलग्नतेवर फोडायची गरज नाही. साधं कारण हे की प्रदर्शनांत बक्षीस आकाराला आणि रंगाला होतं. वासासाठी कुणी निवड केली नाही, आणि ज्याची निवड होत नाही ते हळूहळू हातातून सुटतं. रानटी वेलीच्या जवळच्या जुन्या जातींचा वास अजून तसाच आहे.

माणसाचे गुणही असे जोडीने येतात?

जनुकं येतात, आणि वैद्यकाला त्याचा उपयोग झाला. हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकाराचं जनुक माहीत नसतानाही १९८३ मध्ये व्हेनेझुएलातल्या कुटुंबांचा अभ्यास करून त्याच्या शेजारची खूण चौथ्या गुणसूत्रावर सापडली, आणि तिच्या मागोमाग दहा वर्षांनी जनुक.

पण 'असा चेहरा असला की स्वभाव असाच' या समजुतींना यातून काडीचा आधार मिळत नाही. एका कुटुंबात टिकलेली जोडी पिढ्यानपिढ्यांच्या तोडीत मोडते, आणि ज्या दोन गुणांची सोबत एका घरात दिसते त्यांची दुसऱ्या घरात उलट जोडी असू शकते. स्वीट पीचा उलटा संकर आठवा. शिवाय स्वभाव एका-दोन जनुकांवर ठरत नाही.

वाटाण्यासारखीच शेंग, मग खाता येते?

नाही. हे मुलांनाही सांगून ठेवा. स्वीट पीच्या बियांत असं द्रव्य असतं, जे हाडं आणि रक्तवाहिन्यांना बळकटी देणाऱ्या तंतूंची वीण जुळू देत नाही. हिचीच चुलत बहीण आपल्या ओळखीची आहे: विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे धानाच्या मागून घेतात ती लाखोळी. तिच्यातलं विष वेगळं. ते मज्जातंतूंच्या पेशींवर काम करतं, आणि दुष्काळात महिनोन्‌महिने जवळजवळ तिच्यावरच जगलेल्या माणसांचे पाय लुळे पडल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळेच १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली.

पुढे 'रतन', 'प्रतीक', 'महातिवडा' असे कमी विषाचे वाण निघाले. लाखोळीतही गुणसूत्रांच्या सातच जोड्या, म्हणजे पैदासकाराचं काम त्याच नियमाने चालतं. फक्त एक अडचण जास्तीची आहे: बियांतलं विष किती, हे वाणाइतकंच जमिनीवर आणि पाण्यावरही ठरतं, आणि कोरड्या वर्षी ते वाढतं. म्हणजे ज्या वर्षी दुसरं काही पिकत नाही आणि लोकांना लाखोळीवर भागवावं लागतं, त्याच वर्षी तिच्यात विष जास्त असण्याची शक्यता असते.